घर लावायचं कुणी? जुनाट दुखणं आणि एका नव्या घराचं प्रकरण

रक्ताचे अहवाल चांगले, सांध्यांची सूज जवळजवळ उतरलेली, गोळ्या वेळच्या वेळी चालू, आणि तरी तक्रार अशी की दिवसभर अंग ठणकतं आणि घर खायला उठतं. संधिवाततज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मोजकंच लिहिलं होतं: घरातल्या हालचालींची पाहणी करावी, गरजेप्रमाणे साधनं सुचवावीत. आम्हा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करणाऱ्यांकडे अशी चिठ्ठी येते तेव्हा बाथरूममधले दांडे, कमोडची उंची आणि फार तर एक बरी खुर्ची, एवढीच अपेक्षा असते. ती कामं इथेही केली. पण खरी अडचण आतल्या खोलीत रचून ठेवलेल्या खोक्यांपाशी होती, आणि ती खोकी कुणी, कुणाच्या मर्जीने रिकामी करायची यावर अडून बसली होती.

व्यक्ती आणि आजार

बाई ५४ वर्षांच्या. हिशेब तपासण्याची नोकरी आजारपणामुळे मुदतीआधी सोडलेली. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड प्रकारचा संधिवात, सुरू होऊन ११ वर्षं झालेली. मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे आणि तळपायांवर त्याचा जोर. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध आठवड्यातून एकदा, जोडीला फॉलिक ॲसिड. घरात नोकरी करणारे पती आणि कॉलेजात जाणारा मुलगा. आधीचं घर जिन्यांचं होतं. गुडघ्यांकडे बघून त्यांनी तळमजल्यावरचं, सगळ्या खोल्या एका पातळीत असलेलं घर घेतलं. निर्णय शहाणपणाचाच होता. मात्र घर बदलायच्या दिवसांतच आजार उसळला, बाईंनी अंथरूण धरलं आणि सगळं सामान बाप-लेकाने हलवलं, उघडलं, लावलं. जे लावता आलं नाही ते खोक्यांतच राहिलं. त्यानंतर औषध बदलून आजार आटोक्यात आला. दुखणं मात्र आटोक्यात आलं नाही.

ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण आमवाताच्या रुग्णांत बऱ्यापैकी दिसते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं की दुखऱ्या जागेकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतून जसाच्या तसा वर जात नाही. तिथे तो कमी-जास्त होतो, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात ढवळाढवळ करतात. त्या मांडणीतले बारकावे पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. वर्षानुवर्षं सांधे दुखत राहिले की ही यंत्रणाच हळवी होऊन बसते. मग सांध्याची सूज गेली तरी साधा स्पर्श, थोडं चालणं, एखादी अपुरी झोपही ठणका द्यायला पुरते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा दुखण्याला २०१७ मध्ये 'नोसिप्लास्टिक' हे वेगळं नाव दिलं. आता तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही स्वतंत्र जागा आहे. ही जागा देणारी त्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली.

हे सगळं बाईंना समजावण्याची फारशी गरज पडली नाही. गरज होती पतींना. "रिपोर्ट तर नॉर्मल आलेत ना?" हा प्रश्न त्यांनी पहिल्या भेटीत वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा विचारला. त्यात संशय नव्हता, काळजी होती. पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच लागतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत एक वाक्य घातलं: आपल्याला वेदना होते आहे असं माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा. मी ते त्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, मात्र अहवालांची फाइल टेबलावरून उचलून कपाटात ठेवली.

घर जसं दिसलं तसं

दारातून आत येताच बैठकीची खोली, आणि तिच्यात मधोमध एक पलंग. "ती आत एकटी पडायला नको, टीव्ही दिसावा, आल्यागेल्याशी बोलता यावं," असं पतींचं म्हणणं. पलंगाला लागून टेबल. त्यावर गोळ्यांच्या पट्ट्या, मलमाच्या ट्यूब, गरम पाण्याची पिशवी, मनगटाचे पट्टे, पाण्याची बाटली, रिमोट, फोनचा चार्जर, नॅपकिन. "तिला उठावं लागू नये म्हणून सगळं हाताशी ठेवलंय." मुलाने तर बटणाने मागे रेलणारी मोठी आरामखुर्चीही ऑनलाइन हेरून ठेवली होती.

प्रेमाने केलेल्या या मांडणीचा हिशेब असा निघाला: बाई सकाळी उठून बाथरूमला जात, परत पलंगावर येत आणि दुपारपर्यंत तिथेच असत. उठायला कारणच उरलेलं नव्हतं. आमवाताचे सांधे विश्रांतीनंतर जास्त आखडतात. त्यामुळे दर वेळी उठताना कळ यायची आणि त्या कळेमुळे उठणं आणखी लांबणीवर पडायचं. शिवाय येणारा प्रत्येक जण पलंगाच्या कडेला टेकायचा आणि पहिला प्रश्न तब्येतीचा विचारायचा. टेबलावर मांडलेली औषधं समोर असताना दुसरं काही सुचणार तरी कसं?

स्वयंपाकघर पतींनी लावलं होतं. स्वच्छ होतं, नेटकंही, पण सहा फूट उंचीच्या आणि धडधाकट मनगटांच्या माणसाने लावलेलं. रोजची भांडी खालच्या खणात, एकात एक बसवलेली. डबे वरच्या फळीवर. बाईंना काही हवं असलं की आधी "ते कुठे ठेवलंय?" विचारायचं आणि मग "काढून दे" म्हणायचं. दिवसातून किती वेळा ते मोजत बसले नाही. पाहणीच्या तासाभरातच कंटाळा यावा इतक्या वेळा ते झालं. "मॅडम, स्वतःच्या घरात मी पाहुणी झालेय," त्या म्हणाल्या. "आणि पाहुणीनं ओट्याशी लुडबुड करू नये म्हणतात."

आतली खोली खोक्यांची. त्यांच्यावर मुलाच्या अक्षरात 'किचन २', 'पुस्तकं', 'बाबा ऑफिस' आणि मोठ्या संख्येने 'इतर'. बाईंना हवं असलेलं जवळजवळ सगळं 'इतर' मध्ये होतं.

इथे मी माझं मत मांडून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घर आपलंसं वाटणं म्हणजे पडदे, कुंड्या आणि उबदार दिवे, असा एक समज आहे. त्याचा थोडाफार उपयोग होतो, नाही असं नाही. पण ज्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ती कुठे असावी हे आपण ठरवलेलं नाही, ते कितीही सजवलं तरी परकंच राहतं. दुखणाऱ्या माणसाच्या हातून कामं जातात तेव्हा कामांबरोबर हा ठरवण्याचा हक्कही नकळत निघून जातो. काम दुसऱ्याने केलेलं चालतं. ठरवणं दुसऱ्याने केलं की माणूस घराबाहेर पडतो, घरातच बसून.

त्यांना काय हवं होतं

आमच्याकडे कॅनडात तयार झालेलं एक माप वापरतात. १९९१ मध्ये आलेलं 'कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर'. त्यात माणसाला विचारायचं की रोजच्या जगण्यातल्या कुठल्या गोष्टी अडल्या आहेत, त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पाचपर्यंत निवडायच्या, आणि प्रत्येकीला १ ते १० मध्ये दोन आकडे द्यायचे: ती किती जमते, आणि जमण्याबद्दल समाधान किती. दोन अंकांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात.

मला आंघोळ, केस विंचरणं, बटणं लावणं अपेक्षित होतं. बाईंनी सांगितलं ते असं: कुणाला न विचारता वस्तू सापडावी. रात्री स्वतःच्या खोलीत, दार लावून झोपता यावं. पुस्तकं खोक्यातून बाहेर यावीत. घरी कुणी आलं तर त्यांच्यासमोर बसून त्यांचं आगतस्वागत करता यावं. आणि केस स्वतः धुता यावेत. "दुखणं जावं" हे त्यांनी यादीत घातलंच नाही. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही हे मला कळतं. हे पाच आहेत."

पाचही गोष्टींची मिळून जमण्याची सरासरी २ च्या जवळ, समाधानाची त्याहूनही खाली. दुखण्याचा आकडा, ० ते १० मध्ये, ६.

पलंग आणि खुर्ची

पलंग आत न्यायला घरच्यांचा विरोध होता. रात्री काही झालं तर? ही भीती खोटी नव्हती. जुन्या घरात बाई एकदा पहाटे घसरून पडल्या होत्या. म्हणून आधी वाट तयार केली: पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत, हालचालीने आपोआप लागणारे मंद पिवळे दिवे, वाटेत एकही वायर नाही, एकही सुटी पायपुसणी नाही. उशाशी बिनतारी घंटा. पलंगाची उंची अशी की काठावर बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील आणि मांड्या गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील. तेवढ्याने उठताना गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो. पलंग आत गेला आणि बैठकीची खोली पुन्हा बैठकीची झाली. या एका बदलाचा परिणाम मला वाटला होता त्याहून मोठा होता. आलेल्या माणसाला बसायला जागा दाखवावी लागते, त्यासाठी आपण उठून बसलेलं असावं लागतं. कपडे बदललेले असावे लागतात. कुणी सांगितलं नव्हतं, पण सकाळी उठून तयार होणं परत सुरू झालं.

आरामखुर्चीला मी विरोध केला. ती खोल असते, मऊ असते, तिच्यातून उठायला मोटर लागते, आणि मोटर असली की पाय काम करायचं सोडतात. ज्यांचे पाय खरोखरच उचलत नाहीत त्यांना ती वरदान ठरते. इथे तसं नव्हतं. त्याऐवजी साधी, ताठ पाठीची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची घेतली. आसनाची उंची गुडघ्यामागच्या घडीच्या थोडी वर, हात पुढपर्यंत आलेले, म्हणजे उठताना बोटांच्या सांध्यांवर जोर न देता तळवे आणि बाहू वापरता येतात. मुलगा जरा हिरमुसला. पैसे त्याने साठवलेले होते. त्या पैशांतून पुढे उभा दिवा आला.

खुर्ची खिडकीशी ठेवली. रॉजर उलरिक या संशोधकाचा १९८४ चा अभ्यास या विषयावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत, झाडंवाले लवकर घरी गेले आणि तीव्र वेदनाशामकं त्यांना कमी लागली. अभ्यास चांगला आहे, पण तो रुग्णालयातला आहे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा आहे. वर्षानुवर्षांच्या दुखण्याला तो तसाच लागू पडतो असं मी म्हणणार नाही. या घरात खिडकीचं कारण सरळ होतं: दुपारी तिथे उजेड असतो आणि बाईंना वाचायचं असतं.

पाण्याची बाटली मात्र मुद्दाम खुर्चीशी ठेवू दिली नाही. तांब्या-भांडं स्वयंपाकघरात, चष्म्याचं घर बेडरूममध्ये, फोनचा चार्जर टीव्हीजवळ. पतींना हा निव्वळ छळ वाटला. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा उठून चार पावलं टाकली तर सांधे आखडत नाहीत, आणि 'आता उठा, व्यायाम करा' असं कुणी सांगण्यापेक्षा तहान लागणं हे कारण कितीतरी बरं. अर्थात गुडघे भरून आलेले असतील त्या दिवशी बाटली खुर्चीशी येईल, हेही ठरवलं.

खोकी

हा या प्रकरणाचा गाभा.

पहिला प्रस्ताव पतींचा: "एका रविवारी आम्ही दोघं बसतो आणि संपवून टाकतो." दुसरा बाईंचा: "बरं वाटेल त्या दिवशी मीच सगळं काढते." दोन्ही नको होते. पहिल्यात घर परत दुसऱ्याने लावलेलं झालं असतं. दुसरा तर जुनाट दुखण्याचा ठरलेला सापळा आहे. बऱ्या दिवशी उत्साहाने राबायचं, पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, मग घाबरून आठवडाभर काहीच करायचं नाही. प्रत्येक फेरीत ताकद थोडी उतरते आणि हालचालीची धास्ती थोडी वाढते. विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली होती: दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, ठरलेलं झाल्यावर थांबायचं. दुखणं थांबवेल तेव्हा थांबलं, तर शरीराला कामाची आणि दुखण्याची सांगड शिकवली जाते. आधीच ठरलेल्या वेळी थांबलं, तर थांबण्याची सत्ता दुखण्याकडे जात नाही.

मग मर्यादा शोधली. वाईट दिवशीसुद्धा बसून, हलक्या वस्तू हाताळत, दुसऱ्या दिवशी त्रास न वाढता किती वेळ काम होतं? बाईंच्या बाबतीत वीस मिनिटांच्या आतबाहेर. म्हणून सुरुवात १५ पासून. घड्याळाचा गजर लावायचा आणि तो वाजला की हातातली वस्तू खाली. बऱ्या दिवशीही १५ च. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. हिशेब तपासलेल्या बाई. अर्धवट खोकं उघडं टाकून उठणं त्यांच्या स्वभावात नाही. गजर वाजल्यावर "एवढं एक" म्हणत त्या पुढे जायच्या, आणि मुलगा गजर बंद करून त्यांना सामील व्हायचा. शेवटी खोक्याचं तोंड झाकायला एक चादर ठेवली. झाकलं की संपलं.

कामाची वाटणी अशी. मुलगा खोकं उचलून टेबलावर ठेवणार, आणि टेबल बसल्यावर कोपराच्या उंचीला. पट्टी कापणार तोच, कारण चिकटपट्टी ओढण्याने अंगठ्याच्या मुळाशी नेमका नको तो पीळ बसतो. वस्तू बाहेर काढून बाईंसमोर ठेवणार. जागा बाई सांगणार. सांगितलेल्या जागी मुलगा ठेवणार, आणि त्याला ती जागा मूर्खपणाची वाटली तरी ठेवणार. ही शेवटची अट लिहूनच दिली. तिचा उपयोग पहिल्याच आठवड्यात झाला: बाईंना दिवाबत्तीचं आणि शिवणाचं सामान एकाच खणात हवं होतं, मुलाचं म्हणणं याला काही तर्क नाही. तर्क होता. दोन्हीसाठी त्या खिडकीशीच बसतात.

पुस्तकांचं खोकं आधी घ्यायचा बाईंचा हट्ट होता. माझा कल स्वयंपाकघराकडे होता, कारण तिथून रोजची विचारणा कमी झाली असती. हट्ट त्यांचा चालला आणि ते योग्य होतं. पुस्तकं कंबर ते खांदा या पट्ट्यातल्या फळ्यांवर, जाडजूड ग्रंथ आडवे, म्हणजे चिमटीत ओढून काढण्याऐवजी दोन्ही तळव्यांनी उचलता येतील. बैठकीच्या खोलीला तोंडवळा आला. नंतर एकदा आलेल्या पाहुण्याने तब्येतीऐवजी कुठल्याशा पुस्तकाबद्दल विचारलं, हे बाईंनी मला फोन करून सांगितलं.

स्वयंपाकघर आणि बाथरूम

स्वयंपाकघरात मोडतोड काही नाही. रोज लागणारं कंबर ते खांदा या पट्ट्यात, आठवड्याला लागणारं त्याच्या खाली-वर, बाकीचं पतींच्या उंचीवर. भांडी एकात एक बसवलेली नकोत, कारण खालचं काढायला वरची सगळी उचलावी लागतात. उभ्या कप्प्यांत लावली. हलक्या कामासाठी ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. त्यांचा त्याहूनही खाली होता, म्हणून कापण्याचिरण्यासाठी पाय असलेला जाड पाट. सिंक खोल, तर त्यात उपडी जाळी, म्हणजे वाकणं कमी. गोल मुठीच्या नळाजागी लांब दांडीचा नळ, जो मनगटाने किंवा कोपराने ढकलता येतो. चमचे-सुऱ्यांच्या मुठींवर फोमची नळी चढवून त्या तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड केल्या. भरलेलं भांडं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. उंच, पुढे किंचित कलतं स्टूल, ज्यावर अर्धं टेकून काम होतं.

बाथरूममधल्या दांड्यांना बाईंचा नकार होता. "दवाखान्यासारखं दिसतं." घराच्या दिसण्याची बाजू मी सहसा घेते, इथे घेतली नाही. आमवातात हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढलेला असतो आणि त्यांनी बरेच महिने स्टिरॉइड घेतलेलं होतं. पडणं परवडणार नव्हतं. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही, आणि घसरताना माणूस तीच पकडतो. दांडे भिंतीत पक्के रोवून बसवले; रंग बाईंनी निवडला, गडद निळा. पांढऱ्या फरशीवर तो पटकन दिसतोही. बसून आंघोळ, हाताने धरायचा फवारा, डोकं चोळायला लांब दांडीचा ब्रश. केस धुणं आता जमतं, खांदे बरे असतील तर.

जुना गालिचा हा एक वेगळाच तंटा होता. तो 'इतर' मधून निघाला आणि बाईंना तो बैठकीच्या दारात हवा होता. सुटा गालिचा, दारात, पाय ओढत चालणाऱ्या माणसाच्या घरात! शेवटी तो बैठकीतल्या टेबलाखाली, चारी कडा दुहेरी चिकटपट्टीने जमिनीला धरून. दोघींनाही अर्धवटच पटलेला तोडगा.

औषधं

टेबलावरची औषधं खणात गेली. दिसण्यापुरता हा बदल नव्हता. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि चुकून रोज घेतलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. रोजच्या गोळ्यांच्या ढिगात ते पडून असणं धोक्याचं. त्याची वेगळी डबी, वर वार लिहिलेला, कॅलेंडरवर खूण. वेदनाशामक वाढवून मिळावं असं बाईंच्या मनात होतं. ते ठरवणं संधिवाततज्ज्ञांचं काम. त्यांनी वाढवलं नाही. संवेदना यंत्रणेच्या हळवेपणातून येणाऱ्या दुखण्यात नेहमीच्या वेदनाशामकांचा फायदा तुटपुंजा असतो, हे समजावून हळूहळू वाढवत न्यायचं चालणं आणि बळाचे व्यायाम लिहून दिले.

मधली घसरण

काम रुळावर आल्यावर पतींच्या कार्यालयातले लोक घरी यायचे ठरले. बाईंनी आदल्या दिवशी गजर लावलाच नाही. दोन खोकी, पडदे, बैठकीची आवराआवर. पाहुणे आले, गप्पा झाल्या, त्या बसून होत्या, हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस उठणं कठीण. पतींनी मला कळवलं ते जवळजवळ विजयी स्वरात: बघा, झेपत नाही तिला.

सांध्यांना सूज नव्हती, ताप नव्हता, म्हणजे आजार उसळलेला नव्हता. हे आधी संधिवाततज्ज्ञांकडून पक्कं करून घेतलं, कारण आमवातात तो फरक गृहीत धरून चालत नाही. मग काम पूर्ण न थांबवता निम्म्यावर आणलं: सात मिनिटं, पलंगावर बसून, फक्त कागदपत्रांची छाटणी. आठवड्याने १०, मग १५. बाईंना मी विचारलं, पाहुण्यांचा दिवस परत आला तर काय कराल? म्हणाल्या, "तेच करीन. पण पुढचे चार दिवस आधीच मोकळे ठेवीन." मला हे उत्तर पटलं. सगळे दिवस मापून काढायचे नसतात. कधी कधी किंमत माहीत असताना माणूस ती मोजतो. पतींना मात्र ते अजून पटलेलं नाही.

त्यांच्याशी एक वेगळं बोलणं झालं. दर तासाला "दुखतंय का?" विचारल्याने लक्ष पुन्हा दुखण्यावर जातं, आणि काळजी दुखण्यालाच मिळत राहते, हे फोर्डाइस यांच्या कामातलंच. "मग विचारूच नको?" सकाळी एकदा विचारा, आणि बाकी दिवसात इतर काहीही विचारा, असं ठरलं. बाईंनी आपणहून सांगायचं, मदत हवी असेल तर नेमकी कुठली ते. पतींना यासाठी जाणूनबुजून जीभ आवरावी लागते, आणि चेहऱ्यावर ते दिसतं.

काय बदललं, काय नाही

सहा महिन्यांनी माप परत घेतलं. जमण्याची सरासरी ६ च्या वर, समाधानाची ७. दुखणं ६ वरून ५. जुनाट वेदनेत साधारण दोन अंकांची उतरण झाली तरच ती अर्थपूर्ण धरतात, तेव्हा दुखणं कमी झालं असा दावा मी करणार नाही. बाईही करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "आहे की. पण दिवसभर तेच नसतं." एका घरावरून, आणि तेही औषध नुकतंच लागू पडलेल्या माणसाच्या, श्रेय नेमकं कशाचं हे सांगता येत नाही, औषधाचा उशिरा उतरलेला परिणामही त्यात असू शकतो.

झोप सुधारलेली नाही. खोली स्वतःची, दार बंद, अंधार आहे, तरी पहाटे तीनला जाग येते ती येतेच. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखण्याची सहनशक्ती घसरते, त्यामुळे हे मागे टाकून चालणार नाही. झोपेसाठीच्या वर्तनोपचाराची चिठ्ठी दिली आहे. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी का, याची चर्चा सुरू आहे. झाली तर काही आठवडे घराची मांडणी पुन्हा बदलावी लागेल. त्या वेळी काय कुठे जाईल याचा आराखडा बाईंनी वहीत आधीच काढून ठेवला आहे, मोजमापांसह, आणि शेवटी कुठली वस्तू कुणी, कधी परत जागेवर आणायची त्याच्या तारखांसाठी रकाना सोडला आहे. खोकी दोन उरली आहेत. दोन्हींवर 'बाबा ऑफिस' लिहिलेलं आहे, आणि ती उघडायला पतींना वेळ मिळत नाही.